बैठे घर : दिल्लीतील एका गरजेचा इतिहास

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्यांनी रचली, ते एका गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक असावेत. बदलीच्या नोकरीत उमेद घालविणाऱ्या माणसाच्या वाट्याला घर बांधण्याचा योग उशिरा येतो. तोवर त्याला ते शोधावे लागते. हा शोध रुजू होण्याच्या मुदतीत, ठरलेल्या पगारात आणि अनोळखी शहरात उरकावयाचा असतो. मुलांची शाळा, कचेरीचे अंतर आणि खिशातील रक्कम ह्यांचा मेळ घालता घालता घरातील मंडळींची एक साधी इच्छा वरचेवर ऐकू येते : घर लहान चालेल, जुने चालेल, पण बैठे मिळाले तर पाहा.

बैठे घर म्हणजे जमिनीला टेकलेले, एकाच पातळीवरचे घर. पुढे पडवी, मागे न्हाणी, दारात तुळशीपुरती माती, आणि वडीलधाऱ्यांना जिन्याची चढउतार नाही. कोकणातले कौलारू घर असो की देशावरचे धाब्याचे, ह्या मांडणीची सवय आपल्या अंगवळणी पडलेली असते. दिल्लीत आल्यावर कळते की, एवढी साधी मागणी पुरी होणे ह्या शहरात फार कठीण आहे. नवल असे की, शंभर वर्षांपूर्वी ह्याच नव्या राजधानीत कचेरीतील शिपायालादेखील बैठे घर मिळत असे. आज मध्य दिल्लीत ते मंत्री, न्यायाधीश व उच्चपदस्थ अधिकारी ह्यांच्या वाट्याला उरले आहे. हा उलटा प्रवास कसा घडला, ते थोडक्यात मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राजधानीचे अंगण

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा केली. त्या वर्षीच्या खानेसुमारीत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ४ लाख १४ हजार भरली होती. घोषणेमागोमाग सरकारी दफ्तर हलले आणि दफ्तराबरोबर ते लिहिणारे कारकूनही हलले. त्यांत बंगाली मंडळींचा भरणा मोठा होता. नव्या राजधानीच्या इमारती उभ्या राहीपर्यंत जुन्या शहराच्या उत्तरेस सिव्हिल लाइन्सच्या बाजूला तात्पुरते सचिवालय बांधण्यात आले, आणि जवळच तिमारपूर येथे नोकरवर्गाची वसाहत वसली. दिल्लीतील सरकारी क्वार्टरांच्या इतिहासाचा आरंभ येथून धरावयास हरकत नाही.

पुढे रायसिन्याच्या टेकडीवर एडविन लट्यन्स आणि हर्बर्ट बेकर ह्यांच्या आराखड्याप्रमाणे नवी दिल्ली उभी राहिली. फेब्रुवारी १९३१ मध्ये तिचे रीतसर उद्‌घाटन झाले. भव्य प्रासादांची कीर्ती ह्या दोघांना मिळाली; परंतु नोकरवर्गाच्या राहत्या घरांचे काम प्रामुख्याने सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होते, आणि त्यात रॉबर्ट टॉर रसेल ह्या वास्तुशिल्पज्ञांचा मोठा वाटा होता. कोणी कोठे राहावे हे हुद्द्यावरून ठरत असे. वरिष्ठ गोरे अधिकारी टेकडीच्या दक्षिणेस व पूर्वेस, प्रशस्त आवारांच्या बंगल्यांत. हिंदी कारकून वायव्येस गोल मार्केटच्या भोवती. आणि शिपाई, दफ्तरी त्याही पलीकडे. कारकुनांच्या घरांतही दोन जाती होत्या. इंग्रजी धर्तीच्या राहणीसाठी बांधलेल्या घरांना सरकारी भाषेत ‘अनऑर्थोडॉक्स’ म्हणत, आणि देशी राहणीच्या घरांना ‘ऑर्थोडॉक्स’. ह्या दुसऱ्या प्रकारात मधोमध किंवा मागे भिंतींनी बंद केलेले अंगण असे. दोन खोल्या, ओसरी, अंगणाच्या पलीकडच्या टोकाला स्वयंपाकघर आणि संडास, वर सपाट गच्ची, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी. उन्हाळ्यात बिछाने अंगणात किंवा गच्चीवर पडत आणि हिवाळ्यात सगळे घर अंगणातल्या उन्हात बसे.

ह्या रचनेतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. साहेबाचा बंगला बहुधा एकमजली होता, आणि कारकुनाचे घरही बहुधा एकमजलीच होते. मजला दोघांचा सारखाच. फरक होता तो आवाराचा. साहेबाच्या बंगल्याभोवती एकरांनी मोजावी अशी बाग, कारकुनाला दहा पावलांचे अंगण. विषमता उघड होती, पण जमीन प्रत्येकाच्या पायाखाली होती.

भाडेही परवडणारे असे. १ जानेवारी १९२२ पासून अंमलात आलेल्या मूलभूत नियमांतील ४५ व्या नियमाने सरकारी घराचे भाडे पगाराच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारू नये, असे तत्त्व घालून दिले. घराची किंमत काहीही असो, राहणाऱ्याच्या ऐपतीवर भाडे ठरावे, हा ह्या नियमाचा मथितार्थ होय. सरकारी नोकरांच्या कित्येक पिढ्यांनी ह्या एका तत्त्वाच्या आधारे दिल्लीत संसार केले. १ जुलै १९८७ पासून घराच्या क्षेत्रफळानुसार ठोक दर लागू झाला. तोही बाजारभावाच्या मानाने नाममात्रच राहिला आहे.

मात्र ही जमीन सरकारला इतकी मुबलक मिळाली कशी, हेही विसरता येत नाही. रायसीना, मालचा अशी गावे संपादित करून नव्या राजधानीची भूमी मोकळी करण्यात आली. कॅनॉट प्लेसच्या जागी असलेल्या माधोगंज, जयसिंगपुरा आणि राजा का बाजार ह्या वस्त्यांतील लोकांना पश्चिमेकडे करोल बाग येथे हलविण्यात आले. पुढे ज्या करोल बागेत आपल्या अनेक मराठी कुटुंबांनी बिऱ्हाडे थाटली, ती करोल बागच मुळी घर सुटलेल्यांची वस्ती होती. कारकुनाचे अंगण स्वस्त होते, कारण त्याखालची जमीन कोणा शेतकऱ्याकडून आलेली होती.

युद्ध, फाळणी आणि घाईची घरे

दुसऱ्या महायुद्धात केंद्र सरकारची कचेरी एकाएकी फुगली. सचिवालयाजवळच्या रस्त्यांवर बराकी उभ्या राहिल्या. त्यांतील कित्येक ‘तात्पुरत्या’ बराकी पुढे अनेक दशके सरकारी कामात राहिल्या. घरांची टंचाई निवारण्यासाठी १९४० च्या दशकाच्या प्रारंभी लोदी कॉलनी बांधण्यात आली. इंग्रजी अमदानीतील ही अखेरची मोठी सरकारी वसाहत. येथे कमानींच्या आड दुमजली घरांच्या रांगा आल्या. अंगण आणि गच्ची दोन्ही एकाच कुटुंबाकडे असण्याची रीत येथून मोडू लागली.

त्यानंतर १९४७ आले. १९४१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजारांवर गेली. त्या खानेसुमारीत दिल्लीतील निर्वासितांची संख्या ४ लाख ९५ हजारांच्या घरात नोंदली गेली. किंग्जवे कॅम्पसारख्या छावण्यांत तंबू पडले. ज्यांना जागा मिळाली नाही ते पदपथांवर, धर्मशाळांत आणि सोडून गेलेल्यांच्या ओस घरांत शिरले. बदलीमुळे घर शोधणाऱ्याला निदान पगार असतो आणि माघारी गाव असते. ह्या माणसांपाशी दोन्ही नव्हते.

त्या काळी केंद्रीय मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज ही खाती पुण्याचे काकासाहेब गाडगीळ ह्यांच्याकडे होती, ही गोष्ट आपल्या वाचकांस स्मरत असेल. पुनर्वसनासाठी सप्टेंबर १९४७ मध्ये वेगळे मंत्रालय स्थापन झाले. पुढच्या काही वर्षांत राजेंद्रनगर, पटेलनगर, लजपतनगर, जंगपुरा, निजामुद्दीन, मालवीयनगर, कालकाजी, टिळकनगर अशा वसाहती शहराच्या चारी अंगांस उठल्या. काही ठिकाणी दुमजली चाळीही झाल्या. परंतु पुष्कळ घरे लहान भूखंडावरची बैठी घरे होती. पाया उथळ, विटांच्या भिंती, एक-दोन खोल्या आणि बाकी मोकळी जागा.

हा प्रकार त्या वेळी का निवडला गेला, ह्याचे उत्तर बांधकामाच्या साध्या हिशेबात आहे. बैठ्या घराला जड पाया लागत नाही, जिना लागत नाही, सिमेंट व लोखंड कमी लागते, आणि साध्या गवंड्याच्या हातून ते उभे राहते. शिवाय ते टप्प्याटप्प्याने वाढविता येते. आज एक खोली, दोन वर्षांनी दुसरी, मुलाच्या लग्नाआधी वर एक मजला. हातात एकरकमी पैसा नसणाऱ्याला ही सोय मोलाची असते. १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्याने आपल्या दाव्याच्या रकमेतून असे घर मालकीचे करून घेण्याची वाटही अनेकांना मोकळी झाली. तंबूतून भाड्याच्या खोलीत आणि तेथून मालकीच्या घरात, असा प्रवास हजारो कुटुंबांनी एका पिढीच्या आत केला.

दिल्लीच्या सीमेवर फरीदाबाद येथे तर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी आपल्या सहकारी संस्था काढून स्वतःच्या हातांनी घरे बांधली. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि त्यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनचे कार्यकर्ते ह्यांचा त्या कामी मोठा आधार होता. मजुरीही त्यांनाच मिळाली आणि घरेही त्यांनाच. सुमारे पाच हजार घरांचे ते शहर आज कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याचा पाया मात्र निर्वासितांच्या श्रमावर घातला गेला.

स्वस्त घराचा विचार त्या वर्षांत किती गांभीर्याने होत होता, ह्याची आणखी एक खूण म्हणजे जानेवारी १९५४ मध्ये नवी दिल्लीत भरलेले कमी खर्चाच्या घरांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन. संयुक्त राष्ट्रसंघाच्या परिसंवादास जोडून भरलेल्या ह्या प्रदर्शनात पूर्ण आकाराची नमुनाघरे उभारण्यात आली होती. सामान्य माणसाला परवडेल असे घर हा तेव्हा राष्ट्रीय जिज्ञासेचा विषय होता.

दुसरा मजला चढतो

स्वतंत्र भारताच्या सरकारचे काम वाढत गेले, तशी नोकरांची संख्याही वाढत गेली. १९५० च्या दशकात शहराच्या दक्षिणेस विनयनगर (आताचे सरोजिनीनगर), किदवईनगर, नेताजीनगर, सेवानगर ह्यांसारख्या वसाहती झाल्या, आणि पुढे रामकृष्णपुरम्‌ आले. ह्या वसाहतींत बैठ्या घरांच्या जोडीला दुमजली आणि मग त्याहून उंच इमारती आल्या. खालच्या बिऱ्हाडाला अंगण, वरच्याला गच्ची, अशी वाटणी झाली. मराठी कुटुंबांत त्यावरून गमतीचे वाद होत. खालच्याकडे तुळस, कढीपत्ता आणि उंबऱ्यापुढे रांगोळी. वरच्याकडे वाळवणे आणि उन्हाळ्याच्या रात्रीचा वारा. पापड-कुरडया वाळत घालायच्या दिवसांत खालची मंडळी वर जात आणि हळदीकुंकवाला वरची मंडळी खाली उतरत.

दुसऱ्या मजल्याचे कारण विटा-सिमेंट नव्हते, जमीन होती. एका रस्त्यावर, एका नळवाहिनीवर आणि एका मैलापाण्याच्या गटारावर जितकी अधिक घरे बसतील तितका दरघरटी खर्च कमी. कचेरीपासून फार दूर न जाता अधिक माणसे वसवायची तर वर चढणे भाग होते. बैठे घर बांधायला स्वस्त असते. वसवायला मात्र महाग पडू लागते. दिल्लीतील घरांच्या पुढील सर्व इतिहासाचे हे सूत्र आहे.

सरकारी क्वार्टर पदरात पडेपर्यंत नवागताला खासगी जागेचाच आधार. आपल्या लोकांनी त्यासाठी पहाडगंज, करोल बाग आणि गोल मार्केट ह्या भागांकडे धाव घेतली, ह्याला कारणे होती. नवी दिल्ली स्थानक जवळ, कचेऱ्यांना जाणे सोपे, भाजीबाजार हाताशी, आणि पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन व नूतन मराठी शाळा. गावाहून येणारा प्रत्येक जण प्रथम कोणा ना कोणाच्या घरी उतरत असे आणि तेथूनच त्याच्या जागेचा शोध सुरू होई.

ह्या शोधात हाती लागे ती बहुधा ‘बरसाती’. गच्चीवरची एक खोली, बाहेर मोरी, आणि खोलीच्या चौपट मोकळी गच्ची. मूळ घराच्या मालकाला पावसाळ्यात बिछाने आत घेण्यासाठी बांधलेली ही जागा. पुढे ती कमी पगाराच्या नोकरदाराचे, विद्यार्थ्याचे आणि कलावंताचे निवासस्थान झाली. उन्हाळ्यात तापलेल्या तव्यासारखी असली, तरी बरसातीला एक गुण होता : आभाळ आपले असे. बैठ्या घराच्या अंगणाची तहान कित्येकांनी गच्चीवर भागवली.

१९५८ च्या दिल्ली भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिले. पण त्याच कारणाने घरमालक नव्या माणसाला जागा देण्यास कचरू लागले. ‘बदलीचा माणूस’ म्हणून आपल्या लोकांना त्यातल्या त्यात पसंती असे, कारण तो एक ना एक दिवस जाणार ह्याची मालकाला खात्री. दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा १९८८ मध्ये ह्या कायद्यातून वगळण्यात आल्या.

प्राधिकरणाची वाट पाहताना

१९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले. १९६१ पासून शहराभोवतीची शेतजमीन मोठ्या प्रमाणावर सरकारने संपादन करून, विकसित करून मग वाटावी, असे धोरण ठरले. १९६२ मध्ये पहिला बृहद्‌आराखडा आला. सट्टेबाजीला आळा बसावा आणि गरिबालाही जागा मिळावी हा उद्देश निःसंशय चांगला होता. पण संपूर्ण शहराची जमीन एका हाती आल्यावर सामान्य माणसाला स्वतः भूखंड घेऊन दोन खोल्या बांधण्याची वाट अरुंद झाली. त्याने अर्ज करावा आणि वाट पाहावी, हे नवे वळण पडले. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी घरबांधणी अग्रिमाची योजना १९५६ पासून होती. अग्रिम मिळे, जमीन मिळत नसे.

आपले मंडळ स्थापन झाले तो ह्याच वाट पाहण्याचा काळ. प्राधिकरणाच्या जनता, अल्प उत्पन्न आणि मध्यम उत्पन्न गटांच्या सदनिका बांधल्या जात होत्या. लिफ्टशिवाय जितके उंच जाता येईल तितके जायचे, म्हणजे तीन किंवा चार मजले, हा त्यांचा साचा. १९७९ च्या नव्या नोंदणी योजनेत सुमारे १ लाख ७१ हजार लोकांनी नावे घातली. शेवटच्या अर्जदारांपर्यंत घर पोहोचण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. १९८१ मध्ये रोहिणी येथे लहान भूखंडांची योजना निघाली. भूखंड म्हटल्यावर बैठ्या घराची आस असणाऱ्यांनी मोठ्या उमेदीने पैसे भरले, आणि त्यांतील कित्येकांना निवृत्तीनंतरच सोडतीचे पत्र आले. सोडतीत मजलाही नशिबाने ठरे. पेढे वाटताना लोक प्रथम विचारीत, “कितवा मजला?”

त्याच काळात शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळाच प्रकार घडत होता. १९७५ ते १९७७ ह्या आणीबाणीच्या वर्षांत झोपडपट्ट्या हटवून लाखो माणसांना यमुनेपलीकडे व शहराच्या सीमांवर हलविण्यात आले. त्यांना प्रत्येकी २५ चौरस यार्डांचा तुकडा देण्यात आला. हिशेब मांडला तर ह्या लोकांना बैठे घरच मिळाले. पण कामधंद्यापासून मैलोगणती दूर, पाण्यावाचून आणि दिव्यावाचून. जमिनीवर राहावयाचे असेल तर अंतराच्या रूपाने किंमत मोजावी लागते, हा नियम त्यांच्या बाबतीत फार कठोरपणे लागू झाला. मध्यमवर्गीयाला निदान निवड होती. त्यांना ती नव्हती.

कागदाचा पाया

अर्ज करून थकलेल्या, पण मालकीच्या बैठ्या घराची इच्छा न सुटलेल्या माणसापुढे तिसरी वाट होती ती अनधिकृत वसाहतीची. शहराच्या कडेला शेतकऱ्याकडून वा दलालाकडून पन्नास-शंभर यार्डांचा तुकडा घ्यावयाचा, मुखत्यारपत्रावर व्यवहार करावयाचा आणि हळूहळू घर बांधावयाचे. दिल्लीच्या विस्ताराचा फार मोठा भाग असाच वसला आहे. अशा वसाहती नियमित करण्याचे निर्णय १९७७ मध्ये आणि त्यानंतरही झाले. ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, केवळ मुखत्यारपत्र, विक्रीकरार आणि मृत्युपत्र ह्यांच्या आधारे स्थावराची मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत हवे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने १,७३१ अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना मालकी हक्क देण्याची योजना काढली, ती ह्याच गुंत्याची एक परिणती होय.

बदलीवर येणाऱ्या आणि पुढे येथेच स्थायिक होऊ पाहणाऱ्या कुटुंबांनी हा इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बैठे घर शेजारच्या सदनिकेपेक्षा फारच स्वस्त मिळत असेल, तर स्वस्ताईचे कारण भिंतींत शोधू नये, कागदांत शोधावे. खरेदीखत नोंदलेले आहे काय, जमीन कोणत्या नोंदीत आहे, पाण्याची जोडणी पालिकेची की टँकरची, पावसाळ्यात गल्लीत पाणी किती चढते, हे चार प्रश्न विचारल्यावर भावातला फरक बहुधा आपोआप उलगडतो.

खांबांवरची घरे

फेब्रुवारी २००७ मध्ये नवा बृहद्‌आराखडा अंमलात आला आणि राहत्या भूखंडावर १५ मीटर उंचीपर्यंत बांधण्यास मुभा मिळाली. लजपतनगर, पटेलनगर, कालकाजी ह्या जुन्या पुनर्वसन वसाहतींतील बैठी घरे त्यानंतर वेगाने पडू लागली. मूळ मालकाला एक-दोन मजले, उरलेले मजले बांधकाम ठेकेदाराला, असा व्यवहार घरोघर होऊ लागला. निर्वासित आजोबांनी तंबूतून येऊन घातलेल्या पायावर नातवांची चार कुटुंबे राहू लागली. त्यात गैर काही नाही. पैशाची गरज खरी होती आणि जमिनीचा भावही खरा होता. पण नव्या इमारतींत तळमजला बहुधा खांबांवर मोकळा ठेवतात, मोटारींसाठी. जी जमीन १९५० मध्ये घर सुटलेल्या माणसाला मिळाली होती, ती आता त्याच्या मोटारीला मिळाली.

सरकारी वसाहतींचेही तेच झाले. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, कस्तुरबानगर, त्यागराजनगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर ह्या सात वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी २५,६६७ नवी घरे असा तो संकल्प. २०१८ मध्ये हजारो झाडांच्या तोडीवरून नागरिक रस्त्यावर आले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली. नंतर आराखड्यांत बदल करण्यात आले. ज्या चौकांत आपल्या लोकांनी गणपती बसविले आणि कोजागरीचे दूध आटविले, तेथे आता उंच मनोरे उभे आहेत.

ह्या मनोऱ्यांविषयी केवळ हळहळ व्यक्त करणे अन्यायाचे होईल. सरकारी क्वार्टरसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला जागा मिळते, ही मोठी गोष्ट आहे. मनोऱ्यात लिफ्ट असते. आठव्या मजल्यावरचे घर, आत शिरल्यावर, एकाच पातळीवरचे असते. आणि लिफ्ट चालू असेपर्यंत म्हाताऱ्या माणसाला ते तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या घरापेक्षा सोयीचे पडते. खरी अडचण आहे ती मधल्या काळातील घरांची. १९६० ते १९९० ह्या वर्षांत बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींत आपल्या समाजातील फार मोठी संख्या राहते. त्या वेळी तिशी-चाळिशीत असलेली मंडळी आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मंडळाच्या कार्यक्रमांना पूर्वी पहिल्या रांगेत बसणारी कित्येक माणसे अलीकडे दिसत नाहीत. चौकशी केली तर कळते की प्रकृती ठीक आहे, पण गुडघे जिना मानत नाहीत. गावाकडून आणलेली आई वर्षानुवर्षे तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जातून रस्ता पाहत बसते, आणि खाली उतरते ती दवाखान्यात जाण्यापुरती. बैठ्या घराची मागणी ही गावाच्या आठवणीतून आलेली हौस आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी अशा एखाद्या घरी जाऊन यावे.

इतिहास काय सांगतो

शंभरांहून अधिक वर्षांच्या ह्या वृत्तान्तातून एक गोष्ट स्पष्ट होते. दिल्लीत बैठे घर बांधण्याचा खर्च कधीही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला नाही. ज्या ज्या वेळी सरकारने कोणासाठी जमीन राखून ठेवली, त्या त्या वेळी त्याला ते मिळाले : १९२० च्या दशकात कारकुनाला व शिपायाला, १९५० च्या आसपास निर्वासिताला, आणि बंगल्यांच्या प्रभागात आजही अधिकारपदाला. ज्या वेळी जमीन बाजारावर सोडली, त्या वेळी बैठे घर एकतर शहराच्या कडेला गेले, किंवा कागदाच्या बळावर डगमगत उभे राहिले. १९११ मध्ये सुमारे ४ लाखांच्या दिल्लीत सर्वांना जमिनीवर राहता येत होते. २०११ च्या खानेसुमारीत १ कोटी ६८ लाखांवर गेलेल्या दिल्लीत ते शक्य नाही, हे कोणीही मान्य करील. मात्र ज्यांना जिना चढवतच नाही, त्यांच्यासाठी तळमजला राखून ठेवणे अजूनही शक्य आहे. सरकारी क्वार्टरांत वैद्यकीय कारणास्तव तळमजल्यावर बदलून घेण्याची सोय आहे. ती आपल्यातील अनेकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असली तरी अर्ज करण्याचा संकोच वाटतो. हा संकोच सोडावा.

जे सरकार करू शकते त्याहून लहान, पण जवळचे असे काही काम मंडळालाही करता येण्याजोगे आहे. आपल्या सभासदांपैकी कोणाची तळमजल्यावरची जागा रिकामी होणार आहे, कोणाला वरची जागा सोडून खालची हवी आहे, कोण तरुण जोडपे खालची जागा देऊन वरची घेण्यास राजी आहे, ह्याची एक वही कार्यालयात ठेवावी. पन्नास वर्षांपूर्वी नवागताला जागा मिळत असे ती अशाच बोलाचालीतून. फक्त त्या वेळी वही नव्हती, माणसे एकमेकांच्या घरी उतरत होती. नव्याने बदलून आलेल्या कुटुंबाला ह्या वहीचा उपयोग होईल, आणि ज्यांनी हे मंडळ उभारले त्यांपैकी काहींना पुढच्या कोजागरीला पुन्हा खाली उतरता येईल.